बिट्टीचं झाड

सोलापूर, २१ जानेवारी

प्रिय दत्या,

दिवाळीला फोन करतो म्हणालो होतो, केला नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत ठीक. साखर थोडी वाढलीय, रोज चालायला जातो असं सगळ्यांना सांगतो.

झालं असं. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेसाठी सूनबाई आणि नातू पुण्याहून आलेत. परवा सकाळी पेपर वाचत बसलो होतो, तर पोरगं मूठ आवळून पुढ्यात उभं. "आबा, बॉल." मूठ उघडली तर हिरवीगार बिट्टी, पिवळ्या कण्हेरीचं फळ, आणि तिच्यावर दात उमटलेले! पायातलं बळच गेलं माझ्या. तोंडात बोट घालून बघितलं, चूळ भरायला लावली, तसंच उचलून दवाखान्यात नेलं. फक्त साल चावलेली, बीपर्यंत दात पोचले नव्हते. दिवसभर ठोके मोजत ठेवून घेतलं आणि रात्री सोडलं. डॉक्टर म्हणाले, चीक, पानं, फुलं सगळंच विषारी. बीतला गर सर्वांत वाईट, हृदयाचे ठोकेच मंदावतात.

मला सांगत होते बे ते! मी मान हलवत होतो आणि डोळ्यांसमोर तू, तुमच्या ओसरीवर ओकत पडलेला.

दोन गोट्यांची पैज माझी होती. बी दगडानं फोडूनही मीच दिली. आणि तुझ्या अण्णांनी विचारलं तेव्हा "त्यानं आपल्या मनानं खाल्ली" असं म्हणणाराही मीच. तू माझ्याकडं बघितलंस आणि गप्प राहिलास. बरा होऊन घरी आलास तो वर मार खायला. गोट्या दिल्या नाहीत हे तू प्रत्येक लग्नाच्या पंगतीत काढतोस. ते खोटं मात्र एकदाही काढलं नाहीस. काढायचंस रे.

सून संध्याकाळी एवढंच म्हणाली, "बाबा, ते झाड..." बरोबरच आहे तिचं. पण आईनं लावलेलं ते. नळाला पाणी चार दिवसांआड, मे महिन्यात जास्वंद मान टाकते, पण हिची टोकदार पानं बाराही महिने हिरवीगार. शेळीसुद्धा तोंड लावत नाही, तिला आपल्यापेक्षा अक्कल. शेजारच्या अक्का 'पच्चगन्नेरु' म्हणत दर सोमवारी परडीभर पिवळी फुलं नेतात महादेवाला.

आणि हो, सिद्धरामेश्वरांनी हीच फुलं वाहिली हे मी मानलं नाही म्हणून तू माझ्याशी आठ दिवस बोलला नव्हतास ना? अरे, झाड मूळचं मेक्सिकोकडचं. महाराज बाराव्या शतकातले. तिकडची जहाजं इकडं यायला अजून निदान तीनशे वर्षं होती! हा वाद मी जिंकलो, लेखी.

बिट्ट्या पडायच्या आत रोज वेचीन म्हणतो, पण माझी कंबर आणि माझा विसरभोळेपणा तुला माहीत आहे. पोराला समजावू म्हटलं तर तीन वर्षांचं आहे. आपण अकरा वर्षांचे होतो आणि आपल्याला आई रोज समजावत होती. झाड ठेवलं तर झोप लागणार नाही. तोडलं तरी लागेल असं वाटत नाही.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकट्याला नोकरी लागली म्हणे, छान झालं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवतोय. चटणीच्या डब्यात दोन गोट्या आहेत, दात सांभाळ.

कुऱ्हाडवाला रविवारी येतो म्हणालाय. तोडू का? तू म्हणशील तसं. त्याच्या आत कळव.

तुझा,
सुऱ्या