शिरेवर ठेवलेली दोन बोटं

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, याची मला अजून रुखरुख आहे. तुमची रात्रपाळी होती. सकाळी तुम्ही गेलात आणि दुपारी बाबांना दुसऱ्या मजल्यावर हलवलं. नंतर मी दोनदा त्या वॉर्डात येऊन गेले, पण तुम्ही भेटला नाहीत. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. कधीतरी तुमच्यापर्यंत पोचेल. नाही पोचलं तरी लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बाबा घरी आले. परवा रात्री ते एका उशीवर झोपले. या एका वाक्यातून तुम्हाला सगळं कळेल, कारण उशांबद्दल आम्हाला विचारणाऱ्या पहिल्या तुम्हीच.

त्याआधीचे चार महिने आठवले की आजही माझ्या घशात आवंढा येतो. बाबा आडवे झाले की त्यांना गुदमरायचं. आधी एक उशी वाढली, मग दुसरी, आणि शेवटी भिंतीला पाठ टेकून बसल्या बसल्या डुलकी काढायची वेळ आली. आम्ही गप्प बसलो नव्हतो. तीन ठिकाणी दाखवलं. एकाने वयावर ढकललं, दुसऱ्याने पोटातल्या गॅसवर. तिसऱ्याने 'विचार कमी करा' असं सांगून फाइल मिटली. पायांवर सूज होती, बोट दाबलं की खळगा पडायचा, पण कोणी पायाकडे पाहिलंच नाही. शेवटी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको झाला तेव्हा रिपोर्ट देणारा मान वर न करता म्हणाला, "पंपिंग पस्तीस टक्केच आहे," आणि त्याने पुढच्या पेशंटला आत बोलावलं. या माणसांवर मी रागावले आहे आणि तो राग मी लपवणार नाही. त्यांचं शिक्षण कमी होतं असं नाही. समोरच्या माणसाकडे एकदा नीट बघायला अर्धं मिनिट लागलं असतं, तेवढंही त्यांनी दिलं नाही.

त्या पस्तीसने बाबांना जेवढं खचवलं तेवढं आजारानेही खचवलं नव्हतं. आयुष्यभर जमाखर्चाच्या वह्या लिहिलेला माणूस. शंभरातले पासष्ट गेले, असा त्यांनी सरळ हिशेब मांडला. त्यानंतर ते उरलेले ठोके जपून वापरायला लागले. चालणं बंद, मोठ्याने बोलणं बंद. मनगटावर बोट ठेवून नुसते बसायचे. रात्री उशीत कान दाबला गेला की आतली धडधड ऐकू यायची आणि ते दचकून उठायचे. 'आत काहीतरी आपटतंय' म्हणायचे.

त्या रात्री तुम्ही आलात तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर निळे डाग होते. संध्याकाळपासून तिघांनी शीर शोधली होती. 'शिरा फार नाजूक आहेत' असं एकजण बाबांच्या देखतच म्हणून गेला होता, जणू तोही बाबांचाच दोष. तुम्ही स्टूल ओढून खाली बसलात. पहिलं वाक्य सुईबद्दल नव्हतं.

"काका, रात्री किती उशा लागतात?"

बाबांनी तीन बोटं दाखवली. तुम्ही मान हलवलीत आणि दंडाला पट्टा बांधलात. शिरा फुगून वर आल्या. त्यांच्यावर मधे मधे बारीक गाठीसारखे उंचवटे दिसायला लागले. बाबांनी घाबरून विचारलं, "या गाठी कसल्या? रक्त गोठलंय का?"

सुईचं पाकीट तुमच्या हातात होतं. ते न फोडता तुम्ही परत ट्रेमध्ये ठेवलंत.

सिस्टर, हे सगळं पत्र मी खरं तर त्या ट्रेमध्ये परत ठेवलेल्या पाकिटासाठी लिहितेय. वॉर्ड भरलेला होता. पलीकडच्या कॉटवरची बेल वाजून गेली होती आणि तिकडे तुमची जोडीदारीण धावली होती. 'काही नाही काका, हात सैल सोडा' एवढं म्हणून सुई टोचणं तुम्हाला सहज जमलं असतं. कोणी तुम्हाला नावं ठेवली नसती.

त्याऐवजी तुम्ही बाबांचंच एक बोट उचललंत आणि त्यांच्या हातावरच्या एका शिरेवर दाबून ठेवलंत. मग तुमच्या बोटाने ती शीर कोपराच्या दिशेला, एका उंचवट्याच्या पलीकडेपर्यंत निपटून नेलीत आणि बोट उचललंत. बाबांच्या बोटापासून त्या उंचवट्यापर्यंत शीर रिकामी, चपटी होऊन पडली. त्याच्या वर ती भरलेली दिसत होती, पण तिथलं रक्त खाली उतरत नव्हतं. "आता तुमचं बोट काढा," तुम्ही म्हणालात. बाबांनी बोट उचललं आणि शीर खालून भरकन भरली.

"गाठी नाहीत त्या, काका. झडपा आहेत. हृदयाकडे जायचं असेल तर उघडतात, उलटं यायचं म्हटलं की मिटतात. तुमच्या सगळ्या मिटताहेत बघा. शाबूत आहेत."

बाबांनी तो प्रयोग तीनदा करून पाहिला. तिसऱ्यांदा तर त्यांनी मला हाताने खूण करून जवळ बोलावलं. चार महिन्यांत 'शाबूत' हा शब्द आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून त्यांच्या शरीराबद्दल निघाला नव्हता.

मग तुम्ही त्यांना धडधडीचं सांगितलंत. हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा. ठोक्याचा पहिला आवाज वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दोन झडपा मिटल्याचा, दुसरा आवाज बाहेर जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांच्या तोंडावरच्या दोन झडपा मिटल्याचा. म्हणजे उशीत ऐकू येणारं ते आपटणं हे दारं वेळेवर बंद होण्याचं होतं. बाबा त्यानंतर त्या आवाजाने दचकून उठलेले नाहीत.

उशांचं कोडंही तुम्हीच सोडवलंत. उजवी बाजू शरीरातून आलेलं रक्त फुप्फुसांकडे ढकलते आणि डावी बाजू फुप्फुसांतून आलेलं रक्त सगळ्या अंगभर पाठवते. डावीचं काम जास्त जड, म्हणून तिची भिंत उजवीच्या साधारण तिप्पट जाड. तीच थकली की मागचं रक्त फुप्फुसांत तुंबतं आणि पाणी झिरपायला लागतं. माणूस आडवा झाला की पायांत आणि पोटात साठलेलं रक्त एकदम छातीकडे परत येतं, थकलेल्या बाजूला ते आवरत नाही आणि जीव घाबरा होतो. उठून बसलं की रक्त पुन्हा खाली उतरतं आणि श्वास मोकळा होतो. बाबा इतके दिवस भिंतीला टेकून बसत होते ते वेडेपणाने नव्हे. त्यांचं शरीरच त्यांना वाट दाखवत होतं. हे ऐकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तुम्ही पाहिलंत की नाही मला माहीत नाही. आपण उगाच कुरकुर करतोय असं त्यांना वाटायला लागलं होतं. आम्हालाही, खरं सांगायचं तर, एखाददुसऱ्या रात्री तसं वाटलं होतं.

आणि तो पस्तीसचा आकडा. बाबांनी तो दबक्या आवाजात उच्चारला. तुम्ही रिपोर्टच्या पाठीमागे पेनने एक भोपळ्यासारखा कप्पा काढलात. डावीकडचा खालचा कप्पा भरतो तेव्हा त्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त असतं. धडधाकट माणसाचं हृदयही एका ठोक्याला त्यातलं ७० मिलिलिटरच्या आसपासच बाहेर टाकतं, बाकीचं आतच राहतं. म्हणून निरोगी माणसाचा आकडासुद्धा ५५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान येतो. "शंभर कोणाचाच नसतो, काका. माझाही नाही. तुमचा कमी आहे, मी खोटं सांगणार नाही. पण शंभरातले पस्तीस नव्हेत, साठातले पस्तीस समजा. उपचारांनी पुष्कळांचा आकडा वर येतो. तुमचं पुढे काय ते डॉक्टर सांगतील."

'मी खोटं सांगणार नाही' हे तुम्ही म्हणालात म्हणून बाबांनी पुढच्यावर विश्वास ठेवला. नुसती समजूत काढली असती तर त्यांना ती लगेच कळली असती.

ठोके मंद करणाऱ्या गोळीवरही त्यांचा राग होता. आधीच दुबळं हृदय, त्याला आणखी हळू कशाला करायचं? त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते मी तेव्हापासून पन्नास जणांना तरी सांगितलं असेल. हृदयातून एवढं रक्त वाहतं, पण त्याचा जाड स्नायू कप्प्यांतलं रक्त जवळपास घेतच नाही. त्याला वेगळ्या धमन्या लागतात, आणि त्या महाधमनीच्या अगदी सुरुवातीलाच फुटतात. डावी बाजू आवळली जाते तेव्हा तिच्या स्नायूतल्या वाहिन्याही दाबल्या जातात. त्यामुळे तिला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा, दोन ठोक्यांच्या मधल्या सवडीत. ठोके वाढले की ही सवडच सगळ्यात आधी आक्रसते. "सगळ्यांना वाढून झाल्यावर ते स्वतः जेवायला बसतं. त्याला तेवढा वेळ द्या." तुम्ही हे सहज बोलून गेलात, पण बाबांनी दुसऱ्या दिवसापासून ती गोळी न कुरकुरता घेतली.

मग तुम्ही पाकीट फोडलंत. शीर पहिल्याच टोचणीत मिळाली.

त्यानंतर मी रात्री जागून बरंच वाचलं. सिस्टर, शिरेवर बोट ठेवून दाखवलेला तो प्रयोग विल्यम हार्वे या इंग्लिश डॉक्टरने १६२८ साली चित्रांसकट छापला होता! तुम्हाला हे माहीत असेलही. त्याचे इटलीतल्या पादुआ इथले गुरू फॅब्रिसियस यांनी शिरांमधल्या झडपा आधीच पाहिल्या होत्या, १६०३ मध्ये त्यांचं वर्णनही प्रसिद्ध केलं होतं. पण हातापायांत रक्त साचू नये म्हणून त्या त्याचा वेग आवरतात, एवढाच अर्थ त्यांनी लावला. दारं दिसली होती, ती कशासाठी आहेत हे निसटलं. त्याआधी जवळजवळ चौदाशे वर्षं गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याची शिकवण चालत आलेली: अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं आणि शरीर ते वापरून संपवतं. आपण मराठीत 'काळीज' म्हणतो ते यकृतालाही आणि हृदयालाही, हे त्या रात्री पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं आणि मी किती तरी वेळ त्या एका शब्दापाशीच थांबले.

हार्वेने मुख्यतः गुणाकार केला. एका ठोक्याला अगदी थोडं रक्त बाहेर पडतं असं धरलं, तरी अर्ध्या तासातलं रक्त अख्ख्या शरीरातल्या रक्ताहून जास्त भरतं. एवढं अन्न कोणी खात नाही. तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असणार. धमन्यांतून शिरांत ते नेमकं कसं जातं हे मात्र त्याला कधीच दिसलं नाही. तो १६५७ मध्ये वारला आणि १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिघी या इटालियन डॉक्टरला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली धमन्यांना शिरांशी जोडणाऱ्या केशवाहिन्या दिसल्या. त्या इतक्या अरुंद असतात की तांबड्या पेशींना एकामागोमाग एक जावं लागतं.

हे मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी वही मागवली. मिनिटाला ७० ठोके, ठोक्याला ७० मिलिलिटर, म्हणजे ४,९०० मिलिलिटर. अंगात रक्त सुमारे पाच लिटर. म्हणजे शांत बसलेल्या माणसाचं सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं. दिवसाचे ठोके १,००,८००. "हिशेब जुळत नव्हता म्हणून शोध लागला," ते म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी मला त्यांचा जुना आवाज ऐकू आला. त्यांचा स्वतःचा ठोका अजून सत्तर मिलिलिटरचा नाही, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी खाली दुसऱ्या ओळीत तोही हिशेब मांडला. घाबरले नाहीत.

मला या दिवसांत चांगुलपणाबद्दल फार वाटतं. उपचार डॉक्टरांनी केले, औषधांनी पाणी उतरलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण ज्याच्या अंगावर सुई टोचायची त्याला आधी त्याचं अंग समजावून सांगावं, हे कोणत्या कागदावर लिहिलेलं असतं? कोणी तपासत नसताना, रात्री दोन वाजता, उभ्याने पाय दुखत असताना तुम्ही ते केलंत. अशी माणसं जागोजागी असतील, कामाच्या गर्दीत कोणाला न सांगता थांबत असतील. त्यांना कोणी पत्र लिहीत नाही. ज्यांनी थांबायला हवं होतं आणि थांबले नाहीत, त्यांनी निदान आपल्या शेजारी उभ्या असलेल्या अशा कोणाकडे एकदा पाहावं असं मला कळवळून वाटतं.

बाबा आता सकाळी वजन करतात, पायावर बोट दाबून सूज पाहतात आणि अंगणात दहा फेऱ्या मारतात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरांना पिळतात आणि रक्त वर चढतं, हे त्यांनी कुठूनसं वाचलंय. घरी कोणी भेटायला आलं की त्याची बाही वर करायला लावतात. दंडाला रुमाल बांधतात, त्याचंच बोट त्याच्या शिरेवर ठेवतात आणि सांगतात, "वरून येतंय का बघा. नाही ना?" माझ्या हातावरच्या तीन झडपा त्यांना पाठ आहेत.

पत्र लिहितेय म्हटल्यावर तुम्हाला काय निरोप द्यायचा ते मी त्यांना विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि मग म्हणाले, "लिही की उशी एकच लागते. आणि झडपा रोज बघतो. सगळ्या मिटताहेत."

तुमची,
कॉट क्रमांक सातवरच्या काकांची मुलगी