चूक आपल्याच अक्षरात

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत चिंता कमी करण्याचे उपाय वाचले. श्वास मोजा, फोन लांब ठेवा, सकाळी चाला. सगळं पटलं. माझी उडालेली झोप मात्र यातल्या कशानेच परत आली नव्हती, म्हणून हे पत्र.

मी एस.टी.च्या हिशेब शाखेतून निवृत्त झालो. आमच्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदारही १९ वर्षं मीच होतो. दोन वर्षांपूर्वी कापणीच्या सणाच्या लिलावाचा हिशेब जुळेना. (ज्यांनी हा लिलाव पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: लोक भोपळे, बाजरी, अंडी, कोंबडे देवाला अर्पण म्हणून आणतात, उपासनेनंतर त्यांची बोली लागते आणि एकेका अंड्याला शंभर रुपयेसुद्धा येतात.) फरक होता २७० रुपयांचा. खिशातून भरून मोकळं होता आलं असतं. पण १९ वर्षांत माझ्या वहीत खाडाखोड नव्हती ना! रात्री तीनला उठून बेरजा करू लागलो. बीपीची गोळी अर्ध्याची पूर्ण झाली. पेटी मोजणारे दोघे, बोली पुकारणारा, एकेकावर मनातल्या मनात संशय घेऊन झाला. एका रात्री तर पाळकांवरही, म्हणजे आमच्या धर्मगुरूंवरही. ते बिचारे म्हणत होते, "भाऊ, चिंता प्रभूवर टाका." मी मनात म्हणायचो, टाकतो, पण प्रभूला खतावणी कोण समजावणार?

शेवटी बी.कॉम.ला असलेल्या मंडळीतल्या एका मुलीने वही मागितली. मी नाखुशीनेच दिली. "काका, २७०ला नऊने भाग जातो. कुठेतरी अंक उलटे पडलेत." पाच मिनिटांत सापडलं. पावतीवर २,५८०, वहीत २,८५०. अक्षर माझंच. नऊचा हा नियम मी नव्या कारकुनांना जन्मभर शिकवत आलो होतो. आपल्या अक्षरावर तो लावून बघायचं मात्र सुचलं नाही.

'चिंता त्याच्यावर टाका' हे वचन आमच्याकडे कॅलेंडरवर असतं, रिक्षाच्या मागेही असतं. बायबलमध्ये, येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, ते सातवं आहे. सहावं सहसा कुणी छापत नाही. त्यात म्हटलंय, देवाच्या हाताखाली लीन व्हा. मराठीत ही दोन वाक्यं झाली आहेत. मूळ ग्रीकमध्ये एकच आहे: लीन व्हा, आपली चिंता त्याच्यावर टाकून. म्हणजे चिंता टाकायची तर 'माझ्यावाचून जुळणार नाही' हेही तिच्याबरोबर टाकावं लागतं. मी नेमकं तेच छातीशी धरून बसलो होतो. आणि हे लिहितो कोण? सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही म्हणणारा आणि कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारणारा पेत्र. प्रभू येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला तर यानेच आधी पाय मागे घेतले होते. कुणाकडून काही करून घेणं त्यालाही जड गेलं.

एक मात्र सांगायला हवं. नम्रतेवरचं प्रवचन आमच्याकडे सुनांना आणि गरिबांनाच जास्त ऐकवलं जातं, कमिटीतल्या खुर्च्यांपर्यंत ते क्वचित पोचतं. तेव्हा ज्याचा चार महिन्यांचा पगार थकलाय त्याला मी हे पत्र दाखवणार नाही. त्याची चिंता त्याच्या अहंकारातून आलेली नाही. माझी आली होती. आणि गोळी मी अजून घेतो, डॉक्टरांनी सांगितल्यावरच कमी करीन.

यंदा खजिनदार ती मुलगी आहे. कापणीच्या सणाला लिलाव आटोपल्यावर ती आत पेटी मोजत होती आणि मी व्हरांड्यात चपला घालत उगाच रेंगाळलो. बेरीज विचारली नाही. सोमवारी सकाळी फोन करून विचारली.

— एक निवृत्त हिशेबनीस, अहिल्यानगर