साहेबांच्या टेबलापासून सुरुवात करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे विनामूल्य सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तेव्हापासून मला येणाऱ्या बहुतेक फोनमध्ये एकच प्रश्न असतो : ऑफिसातली सगळी मशीन, म्हणजे संगणक, बदलावी लागणार का? कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या काही फौंड्र्या आणि मशीन शॉपची एएमसी, म्हणजे संगणक देखभालीचा वार्षिक करार, माझ्याकडे आहे. विचारणारे बहुतेक प्लांट मॅनेजर किंवा अकाउंट्सचे प्रमुख असतात. माझे उत्तर त्यांना फोनवर पटत नाही, म्हणून आपल्या वृत्तपत्राद्वारे सविस्तर मांडतो. सगळी मशीन बदलू नका. निम्म्याहून जास्त मशीनवर विंडोज काढून लिनक्स ही विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टम टाका. आणि पहिले मशीन तुमचे स्वतःचे असू दे.

आमच्याकडच्या ऑफिसांत काय असते ते मी रोज बघतो. चौथ्या ते सातव्या पिढीचा इंटेलचा आय-थ्री नाहीतर आय-फाइव्ह प्रोसेसर, चार किंवा आठ जीबी रॅम, आणि फौंड्रीची काळी धूळ खाऊन घरघरणारा पंखा. धूळ काढली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की ही मशीन अजून काही वर्षे सहज ओढतात. पण विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. सहाव्या पिढीचे मशीन कितीही धडधाकट असले तरी ते त्या यादीत बसत नाही. विंडोज १० वरच राहायचे तर मायक्रोसॉफ्ट कंपन्यांना जादा सुरक्षा अपडेट विकते. पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट, आणि तिथे विषय संपतो. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर. तेवढ्यात साधे नवे मशीन येते.

हे रीतसर मार्ग झाले. दुसरा मार्ग सगळ्यांना माहीत आहे, पण मीटिंगमध्ये कोणी त्याचे नाव घेत नाही. माझ्याच धंद्यातली पोरे पेन ड्राइव्ह घेऊन येतात, चार-पाचशे रुपयांत 'ओरिजिनलसारखे' विंडोज टाकून जातात. टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करतात, कारण क्रॅक, म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणारा प्रोग्रॅम, त्याशिवाय चालत नाही. मालकाला वाटते विंडोज घेतले. कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ६३-ब मालकांनी एकदा वाचून घ्यावे : सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. पाचशे रुपये घेऊन गेलेला पोरगा तेव्हा तुमच्या शेजारी उभा राहणार नाही.

आता ऑफिसातले काम बघा. डिस्पॅचची ताई दिवसभर काय करते? ई-वे बिल, ग्राहक कंपनीचे सप्लायर पोर्टल, व्हॉट्सअॅप वेब, एक-दोन एक्सेल शीट आणि प्रिंट. परचेसवाले मेल आणि कोटेशन. एचआर पीएफ आणि ईएसआयची पोर्टल. यातले जवळजवळ सगळे ब्राउझरमध्ये चालते, आणि क्रोम किंवा फायरफॉक्सला खाली कोणती सिस्टम आहे याच्याशी देणेघेणे नसते. शीट आणि पत्रांसाठी लिब्रेऑफिस हे एक्सेल-वर्डसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरते. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत, त्यातला मी सहसा लिनक्स मिंट टाकतो. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजव्या कोपऱ्यात, डेस्कटॉपवर फोल्डर. विंडोज वापरलेला माणूस त्यावर बावरत नाही. चार जीबीच्या मशीनला त्याचीच हलकी, एक्सएफसीई आवृत्ती. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तेही विनामूल्य.

अडचणी आहेत, आणि त्या लपवून कोणी तुम्हाला लिनक्स विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. हिशेबाचे टॅली विंडोजचेच सॉफ्टवेअर आहे, म्हणून अकाउंट्सची मशीन विंडोजवरच राहू द्या, परवाना घेऊन. पॅटर्न शॉपमधली ड्रॉइंगची ऑटोकॅड, सॉलिडवर्क्सही तशीच. हजेरीच्या थंब मशीनचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजचेच असते. वजनकाट्यावरचे मशीन तर बहुतेक ठिकाणी विंडोज ७ वर चालू आहे. त्याला हात लावू नका, फक्त त्याचे इंटरनेट काढा. कंपनीच्या जीएसटी रिटर्नला लागणारे डीएससीचे (डिजिटल सहीचे) टोकन लिनक्सवर चालवता येते, पण रिटर्नच्या विसाव्या तारखेला ड्रायव्हरशी झटापट करण्यापेक्षा ते टॅलीच्याच मशीनला लावलेले बरे.

मग प्रिंटर. आपल्याकडे झेरॉक्सवाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांच्या टेबलावर दिसणारा एक छोटा लेझर प्रिंटर आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, पण त्याच्यावर लिनक्समधून प्रिंट काढताना मला घाम फुटला आहे. दुसऱ्या कंपन्यांचे अनेक प्रिंटर केबल लावताच ओळखले जातात. म्हणून निर्णय घेण्याआधी प्रत्येक प्रिंटरचे मॉडेल लिहून काढा आणि लिनक्सवरून एक पान छापून बघा. अर्ध्या तक्रारी इथेच संपतात. एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे शीटमधले आपोआप काम करणारे छोटे प्रोग्रॅम, हेही असेच तपासून घ्या. साधे चालतात. पण नोकरी सोडून गेलेल्या कोणा हुशार मुलाने बांधलेली, बटण दाबले की अख्खा एमआयएस (साहेबांना लागणारा अहवाल) काढणारी शीट लिब्रेऑफिसमध्ये बहुधा अडते. ती शीट वापरणाऱ्याला विंडोजवर राहू द्या.

मराठीचे विचारणारे फार कमी भेटतात, याचे वाईट वाटते. महावितरण, ग्रामपंचायत, कामगार आयुक्त यांना जाणारी पत्रे मराठीतच असतात. लिनक्समध्ये युनिकोडचे, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीचे, फॉन्ट आधीच असतात आणि इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डची मांडणी दोन क्लिकवर मिळते. रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीचे पुण्यात ऑफिस आहे आणि लोहित हा मुक्त फॉन्ट त्याच कंपनीने लोकांना खुला करून दिला. अडते ते जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायलींचे. त्या उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. तो फॉन्ट नव्या मशीनवर टाकला की फाइल वाचता येते. पण खरे तर त्या फायली एकदाच बसून युनिकोडमध्ये आणाव्यात, सिस्टम कोणतीही असो.

'फुकट देतात म्हणजे पुढे कापणार' ही शंका मला प्रत्येक मालक विचारतो, आणि शंका चुकीची नाही. धंद्यात फुकट काही नसते. लिनक्सचे मूळ हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिहिले, पण आज ते पगारी इंजिनियर लिहितात. इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्या त्यांना पगार देतात, कारण त्यांचा स्वतःचा धंदा त्यावर उभा आहे. आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट विकत घेतली तेव्हा ३४ अब्ज डॉलर मोजले. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या अझूर क्लाउडवर निम्म्याहून जास्त काम लिनक्सवर चालते. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी तेच आहे. आणि लिनक्सचा जीपीएल परवाना असा आहे की एकदा दिलेली आवृत्ती वापरण्याचा, कॉपी करण्याचा हक्क कोणी परत घेऊ शकत नाही. पैसे लागतात ते बसवायला, शिकवायला आणि बिघडले तर बोलवायला, म्हणजे माझ्यासारख्याला. ते बजेटमध्ये धरा.

लिनक्सचा कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, कोणालाही वाचता येतो. त्यावर 'कोड सगळ्यांना दिसतो, मग चोरालाही दिसतो की' असेही एका मॅनेजरसाहेबांनी सुनावले. दिसतोच. मार्च २०२४ मध्ये उघड झाले की लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड नावाच्या लहानशा प्रोग्रॅममध्ये कोणीतरी बराच काळ विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या कुतूहलातून एका इंजिनियरने तो शोधला, आणि गंमत म्हणजे तो मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत होता. कोड बंद असता तर त्याला उघडून बघताच आले नसते. लिनक्सवर फसवा मेल येत नाही असे नाही. पण २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा व्हायरस आला तेव्हा न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. तो व्हायरस विंडोजच्या मशीनवर पसरत होता. ज्यांचा माल न्हावा शेवावरून जातो त्यांना कंटेनर अडकणे म्हणजे काय हे मी सांगायला नको.

जुलै २०२५ मधले नायरा एनर्जीचे प्रकरण तर याहून बोलके आहे. ही भारतात नोंदवलेली तेलशुद्धीकरण कंपनी. रशियाच्या रॉसनेफ्टचा तिच्यात मोठा वाटा आहे, म्हणून युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिचे मेल आणि टीम्स बंद केले. पैसे भरलेले होते, परवाने रीतसर होते. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि मग सेवा परत सुरू झाली. आपल्यावर युरोप निर्बंध लादायला बसलेला नाही, हे मान्य. आणि ते प्रकरण मेलचे होते, सिस्टमचे नव्हते, हेही मान्य. पण आपली चावी दुसऱ्याच्या खिशात असते, एवढे त्यातून मॅनेजरला कळायला हरकत नाही.

आता मूळ मुद्दा, साहेबांच्या टेबलाचा. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचे ठरवले आणि दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. पुढे महापौर बदलले, वरच्यांचे मन बदलले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचा ठराव झाला. फ्रान्सच्या जांदार्मरी पोलिसांनी उलट केले. २००५ पासून विंडोजवरच ओपनऑफिस (लिब्रेऑफिससारखेच) दिले, मग फायरफॉक्स आणि मेलसाठी थंडरबर्ड, आणि लोकांचा हात बसल्यावर २००८ पासून खालची सिस्टम बदलून उबुंटू हे लिनक्स आणले. आज त्यांची सत्तर हजारांहून जास्त मशीन त्यावर आहेत. आपल्या केरळच्या सरकारी शाळाही वीसेक वर्षे लिनक्सवर शिकवत आहेत. मशीन सगळीकडे सारखीच होती. फरक वरचे लोक किती काळ ठाम राहिले याचा होता.

कारखान्यात हेच छोट्या प्रमाणात घडते. साहेब स्वतः नवा विंडोज लॅपटॉप घेतात आणि स्टोअरच्या मशीनवर 'ते फुकटचे' टाकायला सांगतात. स्टोअरकीपरला कळते की आपल्याला उरलेसुरले मिळाले. मग प्रिंटरचा कागद अडकला तरी दोष लिनक्सचा, आणि दोन महिन्यांत मला परत विंडोज टाकायला बोलावणे येते. त्याचेही मी पैसे घेतोच. एका मशीन शॉपमध्ये मॅनेजरबाईंनी आधी स्वतःच्या मशीनवर मिंट टाकून घेतले, महिनाभर त्यावर काम केले आणि मग डिस्पॅचला सांगितले, 'माझं चाललंय, तुमचं का नाही चालणार?' तिथे तक्रार वर जायला जागाच उरली नाही. खरे सांगायचे तर तिथून मला बोलावणेही आता कमी येते, आणि एएमसीवाल्याने हे वर्तमानपत्रात लिहावे यात शहाणपण किती, ते बायको विचारणारच आहे.

गोशिमा आणि स्मॅक या आपल्या उद्योजक संघटनांनी आपापल्या कार्यालयात एकेक लिनक्स मशीन मांडावे, म्हणजे कोणालाही आपली शीट आणि आपला प्रिंटर आणून तिथे बघता येईल, अशी सूचना आहे.

ज्यांना करायचे आहे त्यांनी आधी डेटाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा. आउटलुकमधले जुने मेल विंडोज चालू असतानाच थंडरबर्डमध्ये आणून घ्यावेत, नंतर ते फार जिकिरीचे होते. आणि हे काम मार्चएंडच्या तोंडावर काढू नये. मार्चची क्लोजिंग उरकेपर्यंत मी कोणाच्याही अकाउंट्सच्या खोलीत स्क्रूड्रायव्हर घेऊन शिरत नाही.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर