मावशी, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले

मावशी,

लेकीच्या बाळंतपणाला तुम्ही पांढरकवड्याला निघालात तेव्हा एसटी सुटायची इतकी घाई होती, की दोन शब्द नीट बोलता आले नाहीत. म्हणून हे पत्र. जावईबापूंकडून वाचून घ्या. सगळ्यांसमोर लिहितेय ते मुद्दाम, कारण आमच्या घाटंजी तालुक्यात माझ्या भावासारखी स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली, लेकरं गावोगाव आहेत आणि त्यांना सांभाळणाऱ्यांबद्दल कोणी चांगलं लिहीत नाही.

भावाला सांभाळायला तुमच्याआधी जे आले त्यांची नावं घेत नाही. ‘ट्रेनिंग झालेला माणूस’ म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक जण पाठवला होता, पैसेही दुप्पट. आम्ही सगळे वावरात गेलो की तो माझ्या भावाला ओढणीनं खाटेला बांधायचा आणि मोबाईल बघत बसायचा. वर आम्हालाच सांगायचा, पोरगा मारका आहे. भावाच्या मनगटावरचे वळ मी पाहिलेत. त्याचा राग मला आजही येतो. एका डॉक्टरसाहेबांनी तर भावाच्या तोंडावरच सांगितलं, याला काही समजत नाही, गोळी देत जा, झोपून राहील. गावातल्या लोकांनी बाहेरचं आहे म्हणून अंगारे आणून दिले ते वेगळंच.

मग तुम्ही आलात. निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाई. कुठलं सर्टिफिकेट नाही.

कुकरची शिट्टी झाली की माझा भाऊ भिंतीवर डोकं आपटायचा, स्वतःचा हात चावायचा. आम्हाला वाटायचं, हट्ट आहे. स्वमग्न माणसाच्या कानाला साधा आवाजही टोचू शकतो, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं. पण तुम्ही त्याच्याकडे पाहत बसलात आणि तुमच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही डाळ शिजायला लावली की कणकेच्या हातानं उठून त्याच्याजवळ जायच्या. त्याच्यासमोर उकिडव्या बसायच्या आणि सांगायच्या, “बापू, आता कुकर बोंबलन. कानं झाक. मी बी झाकतो.” आणि खरंच स्वतःचेही कान झाकायच्या, केसांना कणीक लागली तरी. शिट्टी व्हायची. तुम्ही म्हणायच्या, “झालं. गेलं.” मग पुढची शिट्टी, पुन्हा तेच. रोज. कंटाळा न करता.

‘कान झाक’ आम्हीही सांगू शकलो असतो. पण तुम्ही त्याच्याबरोबर झाकलेत. तो एकटाच वेगळा आहे, असं तुम्ही त्याला वाटू दिलं नाही.

आणि ती दुपार आठवते ना? बाबा वावरातून येऊन ओसरीत टेकले होते. आत कुकर फुसफुसायला लागला तसा हा उठला, बाबांच्या मागे गेला आणि त्यांच्या कानांवर आपले दोन्ही हात दाबून धरले. त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्याचं याला काही कळत नाही असं ज्याच्याबद्दल आम्ही जन्मभर ऐकलं, तो आपल्या बापाला शिट्टीपासून वाचवत होता. बाबा कितीतरी वेळ तिथून हलले नाहीत.

मावशी, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं नोंदली आहेत. त्यात स्वमग्नता वेगळी आहे, बौद्धिक अपंगत्व वेगळं आहे. ज्याला जास्त आधार लागतो त्याला सांभाळणाऱ्यासाठी भत्ता द्यावा, अशी तरतूदही आहे. कायदा चांगलाच आहे. पण मे महिन्याच्या भर दुपारी लाईट गेलेली असते आणि पोरगं ओरडत असतं, तेव्हा घरात कोण माणूस आहे यावर सगळं असतं. अंघोळीचा पहिला तांब्या अंगावर ओतण्याआधी त्याला विचारायचं, की धरून ओतायचं? जेवताना घास कोंबायचा, की त्याच्या गतीनं थांबायचं? दार लावून घेतल्यावर हे बघायला कोणी येत नाही. तिथे माणूस चांगलाच लागतो. तुम्ही होतात तोवर वावरात असतानाही माझा जीव घराकडे ओढला नाही, असं याआधी कधी झालं नव्हतं.

एक गोष्ट मला बोचते, तीही सांगते. या कामाचे तुम्ही निंदणाच्या मजुरीएवढेच पैसे घेतलेत. जास्त देऊ केले तर “लेकराचे कायचे पैशे?” म्हणालात. तुमचं मन मोठं आहे, पण असं काम तुमच्या मनाच्या मोठेपणावर चालावं हे बरोबर नाही. ज्यांना जमत नाही त्यांना दुप्पट आणि तुम्हाला निंदणाची मजुरी!

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आपल्याकडे ते कुठे जातात, मला विचारायचंच आहे. येत्या ग्रामसभेसाठी मी अर्ज लिहून ठेवलाय, की घरी सांभाळणाऱ्या बायांना यातून शिकवा आणि मजुरी द्या. शिकवणार कोण, असं सरपंचांनी विचारलं तर मी तुमचं नाव सांगणार आहे. तेव्हा नातवंडाचं बारसं आटोपलं की या.