शनिवारचा रोस्ट आणि बाबांच्या शंका

प्रिय आई-बाबा,

शनिवारी पाहुण्यांसाठी गाईच्या बरगड्यांचा रोस्ट, म्हणजे अख्खा तुकडा ओव्हनमध्ये भाजून, करणार म्हटल्यावर फोनवर आई म्हणाली, "एवढ्या पैशात चार-पाच कोंबड्या आल्या असत्या," आणि मागून बाबांचा आवाज आला, "आत लाल ठेवणार म्हणे!" दोघांना एकदम फोनवर पटवणं मला या जन्मी जमणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

शनिवारी आम्ही धरून दहा माणसं जेवायला आहेत. त्यातले दोघं गाईचं खात नाहीत. त्यांना आधीच सांगून ठेवलंय आणि त्यांचं चिकन सकाळीच शेगडीवर वेगळ्या भांड्यात करून ठेवणार आहे. सुरी, पाट, डाव सगळं वेगळं. राहिले आठ. एका बरगडीत दोन माणसं आरामात जेवतात, म्हणून खाटकाला चार बरगड्यांचा सलग तुकडा सांगितलाय, साधारण चार किलोचा. तो हाडं सोडवून परत दोऱ्याने मांसाला बांधून देतो, म्हणजे कापताना झटापट नको. इथे कॅनडात मांसात चरबीच्या रेषा किती यावर प्रत ठरते. आम्ही ट्रिपल-ए घेतलंय. त्याच्या वरच्या प्राइमचा भाव ऐकून तुमच्या जावयांना ठसकाच लागला.

आता बाबांची शंका. बाबा, तुमचं मोठ्याचं मटण तीन-तीन तास चुलीवर रटरटतं ते बरोबरच आहे. खांद्याचं, मांडीचं मांस जनावर दिवसभर वापरतं, ते चिवट असतं आणि सावकाश शिजवल्याशिवाय गळत नाही. त्यात २०१५ पासून राज्यात बैलाचंही बंद झालं, म्हणजे वसईत आता म्हशीचंच. हा तुकडा पाठीकडचा. तिथल्या स्नायूला फारसं काम नसतं, त्यामुळे तो मुळातच मऊ असतो. तो तीन तास रटरटवला तर उलट कोरडा ठाक होईल.

आणि ते लाल पाणी म्हणजे रक्त नव्हे. रक्त कापतानाच निघून जातं, हा रंग स्नायूतल्या मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा. जंतू असतात ते अखंड तुकड्याच्या बाहेरच्या अंगाला, आणि बाहेरून तर तो कडकडीत भाजलाच जातो. खिम्याचं वेगळं, त्यात बाहेरचं आत गेलेलं असतं, तो मी पूर्णच शिजवते. तरी इथलं आरोग्य खातं अखंड मांसालाही आतून ६३ अंश सेल्सिअस सांगतं आणि मी ५४ च्या आसपास थांबणार आहे, हे लपवत नाही. एक मैत्रीण गरोदर आहे, तिचे काप तव्यावर पुन्हा पूर्ण शिजवून देणार. आई, तू असतीस तर तुझेही तव्यावरच गेले असते, मला माहीत आहे.

मसाला लावणार नाही. बाबा, रागावू नका. बुधवारी रात्री किलोला एक छोटा चमचा या हिशेबाने जाडं मीठ चोळायचं आणि फ्रीजमध्ये उघडंच ठेवायचं. मीठ आत मुरतं, वरचा भाग सुकतो, आणि सुकल्याशिवाय खरपूस पापुद्रा येत नाही. शनिवारी वरून फक्त मिरी. चार किलोच्या तुकड्याला वाटण लावलं तरी ते वरच राहतं आणि करपतं, हे माझं ठाम मत आहे.

दुपारी दोनला १२० अंशांच्या मंद ओव्हनमध्ये घालायचं. चारेक तास लागतील, पण घड्याळावर जायचं नाही. मांसाच्या मधोमध थर्मामीटर खुपसून ठेवायचा आणि ५० अंश दिसले की बाहेर काढायचं. मग तासभर झाकून ठेवायचं, तेवढ्यात आतल्या उष्णतेनेच ते ५४ च्या आसपास चढतं. तेवढ्यात ओव्हन तापवून ताटात सुटलेल्या चरबीत यॉर्कशायर पुडिंग करायची. गोड नसतात ती. अंडी, दूध, मैद्याचं घावनाच्या पिठाइतकं पातळ पीठ, कडकडीत चरबीत ओतलं की टम्म फुगतं. शेवटी ओव्हन २६० वर नेऊन रोस्ट आठ-दहा मिनिटं परत आत, वरून तांबूस होईपर्यंत. धूर होतो, म्हणून भोंगा वाजायच्या आत खिडकी उघडायची ड्यूटी जावयांची. सोबत हॉर्सरॅडिश, म्हणजे मोहरीच्या जातकुळीतलं एक मूळ. किसलं की कांद्यापेक्षा जास्त रडवतं. सायीत कालवून ठेवते.

आई, पैशाचं तू म्हणतेस ते खरं आहे. पण दहा माणसांची बिर्याणी करायची तर मी दोन दिवस ओट्याशी उभी असते आणि पाहुणे आले की मला बोलायचंही त्राण नसतं. यात मेहनत जवळजवळ नाही, फक्त थांबायचं आहे. दुपारी मी चक्क आडवी होणार आहे.

मी ओव्हन लावीन तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील. जागत बसू नका, फोटो सकाळी बघा. बाबा, उरलेल्याची रविवारी तुमच्यासारखी चिली फ्राय करायची आहे. शिजलेलं मांस असताना व्हिनेगर कांद्याबरोबरच घालायचं की अगदी शेवटी, तेवढं आईकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा.

तुमची,
धाकटी