याद्या करण्याआधी

सोलापूर, कार्तिक शुद्ध द्वादशी

चि. बाळू यास,
अप्पांचे अनेक आशीर्वाद.

काल कार्तिकी करून रात्रीच्या एसटीनं घरी आलो. यंदा नुसतं मुखदर्शन घेतलं, पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहायला गुडघे तयार होईनात. तुझा फोन आला तेव्हा मी महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीपाशी उभा होतो. टाळ-मृदंगाच्या गलक्यात नीट ऐकू येत नव्हतं हे खरं, पण ऐकू आलं ते ऐकून बोलायला सुचलं नाही हेही खरं. मी "बघू" म्हणालो. त्याचा अर्थ "हो" असा धरू नकोस, म्हणून हे लिहितोय.

तू म्हणालास, "अप्पा, आपण कुठं मागतोय? बार्शीचे पाहुणे स्वतःहून गाडी देतायत, फ्लॅटला पाच लाख लावतायत. सगळ्यांचं असंच ठरतं. नको म्हटलं तर त्यांनाच अपमान वाटेल." वर कंपनीतल्या मित्राचा हवाला दिलास, की न मागता मिळालेल्या भेटींची यादी करून ठेवली की कायद्यातही बसतं. त्या मित्राला सांग, कायदा १९६१ चा आहे. त्यात हुंडा घेणारा आणि देणारा दोघंही गुन्हेगार, किमान ५ वर्षांची कैद. भेटींना वाट ठेवली आहे, पण ती देणाऱ्याच्या ऐपतीत बसली पाहिजे अशा अटीवर. बार्शीच्या पाहुण्यांची ऐपत तू विचारलीस का? मीही माझ्या वेळी विचारली नव्हती.

हे मी तुला कधी सांगितलेलं नाही. मी माळ घातली १९८६ ला. ज्ञानेश्वरीवर हात ठेवून कबूल केलं होतं, परद्रव्याला शिवणार नाही. लग्न झालं १९९१ ला. १५ हजार रोख, एक मनगटी घड्याळ आणि सफारीचं कापड. मी मागितलं नव्हतं. बैठकीत चुलत्यांनी आकडा टाकला, सासरे क्षणभर छताकडं बघत राहिले आणि "चालेल" म्हणाले. मी नवरदेव, मान खाली घालून बसलो होतो. मान खाली असली की काही दिसत नाही, ही मोठी सोय. लग्नाच्या पंगतीला दिंडीतले सगळे माळकरी होते. जिलबी आग्रह करकरून वाढली. एकानंही विचारलं नाही, बाबा, तू माळ घातलीस तेव्हा काय बोलला होतास? विचारणार कोण? त्यांनीही घेतलेलाच होता.

गंमत अशी, की त्या काळात मी स्वतःला फार सरळ माणूस समजायचो. कारखान्यात टॉवेलच्या दोन लूमवर होतो, मजुरी नगावर. ताण्याचा एखादा धागा तुटला की बाकीचे लूम तशीच चालू ठेवायचे. कापडात उभी रेघ पडायची, पण धुतल्यावर दबते म्हणायचे. मी लूम थांबवून, धागा शोधून, गाठ मारूनच पुढं जायचो. आठवड्याला चार पैसे कमी पडायचे आणि त्याचा मला केवढा तोरा!

आता एक आठवून बघ. आजोबांच्या घरी आतल्या खोलीत सगळी काळपट शहाबादी होती आणि खिडकीखाली तेवढ्या चार फरशा पिवळसर. त्यातली एक हलायची. तू तिच्यावर उड्या मारायचास, खालून पोकळ आवाज यायचा, आणि आजोबा म्हणायचे, "मार रे, अजून मार." तिथं त्यांचा माग होता. हातमागावर बसून पाय सोडायला खाली खड्डा लागतो, तो बुजवून वर फरशा टाकलेल्या. माती नीट चोपली नव्हती, म्हणून वाजायची. दोन मागांपैकी एक त्यांनी माझ्या १५ हजारांसाठी विकला होता. मला ते चार वर्षांनी कळलं, तेही तुझ्या मामीच्या तोंडून, बोलता बोलता. तुझी आई चार वर्षं गप्प होती. एका धाग्यासाठी लूम थांबवणारा मी, आणि माझ्यापायी अख्खा माग गेला.

२००३ ला मी पैसे घेऊन गेलो होतो. सासऱ्यांनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. "मुलीला दिलेलं परत घेत नसतात," म्हणाले आणि मला चहा दिला. ते पाकीट घेऊन मी घरी कसा आलो ते माझं मला माहीत.

म्हणून काल समाधीपाशी तुझं बोलणं ऐकताना मला वेगळंच दिसत होतं. चोखोबा गेले १३३८ साली, मंगळवेढ्यात, गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून इथं समाधी बांधली, पण पायरीच्या बाहेर. त्यानंतर सहाशे वर्षं लोक त्या समाधीवरून आत जात राहिले. चोखोबांचे अभंग गात गेले आणि चोखोबांच्या माणसांना बाहेर ठेवून गेले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तिथं प्राण पणाला लावून उपोषण केलं, तेव्हा कुठं दार उघडलं. गुरुजींच्या आड कोण आले होते? नास्तिक नव्हेत रे. टिळा लावणारेच होते, आणि "असंच चालत आलंय" म्हणत होते. मला भीती वाटते ती देव न मानणाऱ्यांची नाही, आमच्यासारख्यांची वाटते. आम्हाला गर्दीत उभं राहिलं की विठोबाजवळ उभं राहिल्यासारखं वाटतं.

दामाजीपंतांची गोष्ट तुला तोंडपाठ आहे. कीर्तनकार ती रंगवतात ते देव विठू महार होऊन बिदरला बादशहाचे पैसे भरायला गेला तिथून. मला हल्ली त्याच्या आधीची घटका महत्त्वाची वाटते. दुष्काळात पंतांनी कोठाराचं कुलूप काढलं, तेव्हा पुढं देव येणार आहे असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डोकं जाणार एवढंच ठाऊक होतं. तुला तर फक्त एक गाडी नको म्हणायची आहे.

ऑफिसात माळ शर्टाच्या आत ठेवतोस, हे तुझ्या आईनं फोटोत पाहिलंय. तिला वाईट वाटलं, मला नाही. ती आत ठेव, बाहेर ठेव, त्यावर मी भांडणार नाही. भांडेन ते या याद्यांवरून.

शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं ये, मी स्टेशनवर येतो. रविवारी बैठकीत माझ्या आधी तू बोलायचंस, मान वर ठेवून. गाडी नको, फ्लॅटचे पैसे नकोत, लग्नाचा खर्च दोघांनी अर्धा अर्धा. आपल्यातलाच कुणीतरी उठून विचारेल, "पोरात काही खोट आहे का बे?" त्याचं उत्तर मी देईन. चुलत्यांच्या जागेवर आता मी बसतो, तेवढा उपयोग होऊ दे. मुलीशी मात्र आधी स्वतः बोल, तिच्या बापाला चारचौघांत खाली बघायला लागू नये असं. फ्लॅट दोन वर्षांनी घे, भाड्याच्या घरात कुणी मरत नाही.

आईला पत्र वाचून दाखवलं. "फरशीचं लिहायचं नव्हतं," म्हणाली. मग भांडी आवरून आली आणि म्हणाली, "राहू दे."

येताना मागचे रिकामे डबे आण. शेंगाचटणी कुटून ठेवली आहे.

तुझे,
अप्पा