सुकटातल्या केसाळ अळ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेगमीच्या बोंबलांत, सोड्यांत केसाळ तपकिरी अळ्या निघाल्या की ‘मासळी जुनी’ म्हणून लोक मोकळे होतात. मुख्य कारण असतं ओल. वाळवण अर्धवट राहिली की काळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, जेमतेम सेंटिमीटरभराचा डर्मेस्टिस भुंगेरा त्यात अंडी घालतो. 30 अंशांच्या आसपास उबेत महिना-दीड महिन्यात पुढची पिढी तयार. बोंबील मोडून पाहावा. कट्कन तुटायला हवा. वाकला तर परत उन्हात. गोणपाटात भरू नये, घट्ट झाकणाचा डबा घ्यावा. फडताळाच्या भेगाही साफ कराव्यात, कारण कोषात जाण्यापूर्वी अळी लाकूडसुद्धा पोखरते. आणि कृपा करून मासळीवर कीटकनाशक मारू नका, ते थेट पोटात जातं!

मात्र या भुंगेऱ्याला सरसकट शत्रू ठरवणं आम्हाला पटत नाही. वस्तुसंग्रहालयांत सांगाडे साफ करायला तो मुद्दाम पाळतात. वटवाघळाच्या बोटांची सुईसारखी हाडंही न मोडता तो त्यांवरचं सुकलं मांस खाऊन टाकतो. उकळून हे साधत नाही. मात्र साफ झालेला सांगाडा गोठवून मगच संग्रहात न्यावा लागतो. एखादी अळी आत राहिली, तर भुसा भरलेले पक्षी-प्राणी ती फस्त करते.

— सुक्या मासळीच्या धंद्यातले वाचक, रायगड